नऊ टक्क्यांचा सत्कार

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाच्या आत्याने मला आडोशाला घेऊन विचारलं, "विमानाच्या तिकिटांच्या हपिसात आहेस म्हणे. पगार कळला गं. वरचं काही मिळतं का?" मी सरळ सांगून टाकलं, "वरचं असतं, पण ते आमच्यापर्यंत पोचत नाही. त्यावरूनच तर आमचं भांडण चाललंय." आत्याबाईंचा चेहरा पडला आणि ते स्थळ गेलं. पुढे दुसरं आलं, चांगलं आलं, त्याची काळजी नको. पण 'वरचं' हा शब्द आमच्या धंद्यात खरोखरच होता, आणि त्याच्याशी भांडता भांडता एका भल्या माणसाचं दुकान बसलं. तेवढंच सांगायचंय. बाकी माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणाला वाचावंसं वाटेल असं फारसं काही नाही.

आमचं हपिस घाटकोपरला, पश्चिमेला. खाली फरसाणवाला, वरच्या मजल्यावर आम्ही. दोन टेबलं, एक फोन आणि भिंतीवर विमान कंपन्यांनी फुकट दिलेली कॅलेंडरं. मालक रेगेसाहेब. मी तिकिटं लिहिणारी, पत्रं टाइप करणारी आणि फोन उचलणारी, सगळं मीच. लिहिणारी म्हणते कारण ऐंशीच्या त्या दशकात तिकीट हाताने लिहायचं असे. पानांना मागून लाल कार्बन असायचा. दिवस संपेपर्यंत माझी बोटं अशी लाल व्हायची की आई म्हणायची, ही रोज कुणाकडे हळदीकुंकवाला जाते कोण जाणे.

आता हा धंदा थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. विमान कंपनी एजंटला कोऱ्या तिकिटांचा गठ्ठा द्यायची आणि आपल्या नावाची एक धातूची पट्टी. ती पट्टी मशीनमध्ये घालून दाबली की तिकिटावर छाप उठायचा. छाप नसेल तर तिकीट म्हणजे रद्दी. भाडं ठरलेलं असायचं, कुठल्याही एजंटकडे जा, आकडा तोच. त्यातले शंभराला नऊ आमचे. त्यावर हपिसाचं भाडं, माझा पगार, चहा, सगळं चालायचं. आणि नियम असा की हे नऊ एजंटने स्वतःच ठेवायचे. त्यातला पैसा गिऱ्हाइकाला सोडला तर तो गुन्हा, का तर त्यामुळे भाव फुटतो.

हा झाला नियम. आता खरं काय चालायचं ते ऐका. विमानं रिकामी जायला लागली की कंपन्या फोर्टातल्या चार-पाच बड्या एजंटांना गुपचूप जास्त कमिशन द्यायच्या. तेच 'वरचं'. बडे एजंट त्यातलं थोडं गिऱ्हाइकाला सोडायचे, तिकिटावर मात्र पूर्ण भाडं लिहायचे. पावती द्यायचीच नाही, दिलीच तर पूर्ण भाड्याची. लोक आम्हाला म्हणत, "स्वस्त मिळतंय तर तुमच्या पोटात का दुखतं?" रेगेसाहेबांचं उत्तर ठरलेलं होतं. ते म्हणत, "स्वस्त कुणाला मिळतं ते बघा. ज्याला घासाघीस येते, ज्याची ओळख आहे, त्याला. पहिल्यांदा मस्कतला निघालेल्या वेल्डरला कोण सांगतंय की भाव पाडून माग म्हणून? तो बिचारा पूर्ण भरतो."

पहिल्यांदा निघालेली माणसं हा साहेबांचा जीव की प्राण. विमानात पट्टा बांधायचा असतो हे त्या माणसांना कुणी दाखवलेलं नसे. साहेबांनी जुन्या सूटकेसचा एक पट्टा आपल्या खुर्चीला बांधून घेतला होता. तिकीट झालं की गिऱ्हाइकाला त्या खुर्चीत बसवायचे, पट्टा लावायला आणि सोडायला शिकवायचे, दोनदा करून घ्यायचे. मग कागदावर विमानतळाचा नकाशा काढून द्यायचे, कुठे सामान द्यायचं, कुठे शिक्का, कुठे मुतारी. मुतारी ते ठळक काढायचे. म्हणायचे, "घाबरलेल्या माणसाला आधी ती लागते." ते स्वतः आयुष्यात एकदाच विमानात बसले होते, तेही बेळगावपर्यंत. हे मी कुणाला सांगत नसे.

तर या रेगेसाहेबांनी मनावर घेतलं की कमिशनचा हा घोळ सरळ करायचा. मागणी साधी होती. कमिशन सगळ्यांना सारखं, आणि वरचं द्यायचंच असेल तर उघड छापून द्या, सगळ्यांना द्या. मी अर्ज टाइप केला आणि आम्ही दोघं मुलुंडपासून बोरीवलीपर्यंत उपनगरातल्या छोट्या एजंटांच्या सह्या गोळा करत फिरलो. तेव्हा मला कळलं की राजकारण दिल्लीत नंतर असतं, आधी ते आपल्याच जिन्यात असतं. आमच्यातले निम्मे लोक बड्या एजंटांकडूनच तिकिटं उचलायचे आणि वरच्यातला वरचा चुरा त्यांना मिळायचा. तो बंद होईल ही त्यांना भीती. मुलुंडच्या एकाने तर पेन्सिलीने सही केली. म्हणाला, "रेगे, वारं कुठे वळतं ते बघतो, मग शाईने गिरवतो." साहेब हसले आणि त्यांनी ती सहीसुद्धा घेतली.

दिल्लीला अर्ज गेला. उत्तर आलं की विचार चालू आहे. दुसरा अर्ज गेला, उत्तर आलं की विचार अजून चालू आहे. फोर्टातल्या सगळ्यात मोठ्या एजन्सीचा मालक एका मंत्र्याचा मेहुणा होता, तेव्हा विचार कुठे अडकला होता हे सांगायला ज्योतिषी नको. मग आम्ही आमच्या भागातल्या आमदारांना धरलं. ते हपिसात आले, फरसाण खाल्लं, "छोट्या माणसावर अन्याय होऊ देणार नाही" म्हणाले. त्यांनी खरंच दिल्लीत शब्द टाकला. कमिशनच्या प्रश्नावर तिघांची एक समिती नेमली गेली आणि ती अंधेरीत येऊन सुनावणी घेणार असं ठरलं. साहेब त्या दिवशी मला म्हणाले, "सुलभा, झालं बघ. आता फक्त खरं ते सांगायचं." मला मात्र आमदारांचं एक खटकत होतं. मधल्या काळात ते एका शिष्टमंडळाबरोबर महिनाभर परदेश फिरून आले होते, आणि त्यांचं तिकीट आम्ही काढलं नव्हतं.

या सुनावणीच्या आधी काही महिने गावकरमावशी आमच्याकडे आल्या होत्या. भटवाडीत राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी संपानंतर उघडलीच नाही. मुलगा वसंता वेल्डिंग शिकला होता, त्याला मस्कतची नोकरी लागली होती, पण तिकीट स्वतः काढून या म्हणून कळवलं होतं. मावशी पदराच्या गाठीतून पैसे काढून टेबलावर ठेवत होत्या आणि मी मोजत होते. कमी पडले. फार नाही, पण कमीच.

"साहेब, पुरत नाहीत," मी म्हटलं.

मावशी माझ्याकडे बघायच्या थांबल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. वसंता म्हणाला, "आये, चल. मागसून बघू."

साहेबांनी पैसे आपल्याकडे ओढले, पुन्हा मोजले आणि म्हणाले, "पुरतात की. आपले नऊ टक्के बाजूला ठेव, बरोब्बर पुरतात."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ज्या माणसाने भाव फोडू नका म्हणून अख्खं उपनगर पालथं घातलं, तोच भाव फोडत होता. मी हळूच विचारलं, "पावती पूर्ण भाड्याची करू ना?" सगळे तसंच करायचे, त्यात कुणी सापडत नसे.

"घेतले तेवढ्याची कर. खोटा कागद माझ्या हपिसातून जायला नको."

मी पावती लिहिली, घेतले तेवढ्याची. वसंता खुर्चीत बसून पट्टा लावायला शिकला. मावशी जाताना म्हणाल्या, "देव बरा करो तुमचा," आणि साहेबांच्या पाया पडायला वाकल्या. साहेब इतके गडबडले की मागे सरकताना फोनच्या वायरीत अडकले.

मावशींच्या कृतज्ञतेला माप नव्हतं. भटवाडीत कुणाकडे बारसं असो, सत्यनारायण असो, त्या रेगेसाहेबांची गोष्ट सांगायच्या. पावती देवघरात गणपतीच्या तसबिरीमागे ठेवली होती आणि आल्या-गेल्याला काढून दाखवायच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या कागदावर साहेबांचा चांगुलपणा लिहिलाय एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि खरं तर त्यावर तेच लिहिलं होतं.

सुनावणी अंधेरीत, विमानतळाजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. समोर समितीचे तिघे, डावीकडे बडे एजंट, उजवीकडे आम्ही. साहेबांनी इस्त्रीचा कोट घातला होता. ते अर्धा तास बोलले, आणि झकास बोलले. कागद बघायची गरजच पडली नाही. वेल्डरचं उदाहरण दिलं. समितीचे अध्यक्ष, पांढऱ्या मिशांचे उत्तरेकडचे गृहस्थ, मान हलवत टिपून घेत होते. त्यांनी एकदा शेजारच्याला "बात तो सही है" म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. मला वाटलं, जमलं. मी मनात पेढ्यांचा विचारसुद्धा करून टाकला.

मग मंत्र्यांच्या मेहुण्याचा मॅनेजर उठला. सफारी सूट, गोड आवाज. म्हणाला, रेगेसाहेबांबद्दल आम्हाला अतिशय आदर आहे, त्यांच्या एका गिऱ्हाइकालाही आहे, परवानगी असेल तर बोलावतो. दार उघडलं आणि आमदारांच्या बरोबर गावकरमावशी आत आल्या.

ठेवणीतलं हिरवं नऊवारी, केसांत अबोलीचा वळेसर, एका हातात हार आणि दुसऱ्या हातात नारळ. नंतर मला त्यांच्याकडूनच कळलं की दोन दिवस आधी आमदारांची दोन मुलं भटवाडीत गेली होती. म्हणाली, रेगेसाहेबांचा मोठा सत्कार आहे, दिल्लीचे लोक येणार आहेत, तुम्ही दोन शब्द बोलाल का? मावशी म्हणाल्या, दोन कशाला, चार बोलते. आणि ती पावती घेऊन या, असं त्या मुलांनी आठवणीने सांगितलं होतं.

मला सगळं एका क्षणात कळलं. साहेबांनाही कळलं असणार, त्यांचा चेहरा उतरला. पण मावशी त्यांना बघून ओळखीचं हसल्या, तेव्हा तेही हसले.

मावशी उभ्या राहिल्या. हार-नारळ टेबलावर ठेवून पावती हातात घेतली. म्हणाल्या, "माका लिवाक वाचूक येना नाय. पण ह्या सायबान माझ्या झिलाच्या तिकिटाचे पैशे कमी घेतल्यानी. आपल्या पोटाचा काढून दिल्यानी. ही बघा पावती. असो माणूस तुमका मुंबईत गावाचो नाय." आणि पावती अध्यक्षांसमोर नेऊन ठेवली, देवापुढे ठेवतात तशी दोन्ही हातांनी.

सफारीवाल्याने वसंताच्या तिकिटाची विमान कंपनीकडून आणलेली नक्कल शेजारी ठेवली. तिकिटावर पूर्ण भाडं, पावतीवर नऊ टक्के कमी. दोन्हीवर अक्षर माझं.

मी साहेबांच्या कानाशी लागले. "साहेब, म्हणा की पावती चुकीची लिहिली गेली. माझी चूक म्हणा. मी कबूल करते."

"गप्प बस गं," ते म्हणाले, आणि माझ्या हातावर दोनदा थोपटलं.

अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. त्यांना ही गंमत आवडलेली दिसली नाही. त्यांनी पावती उलटसुलट पाहिली, चष्मा काढला आणि स्वतःच वाट काढून दिली. "मिस्टर रेगे, हो सकता है माताजी को ठीक से याद न हो? ये रसीद किसी और चीज़ की हो?"

नुसतं हो म्हणायचं होतं. बाई म्हाताऱ्या आहेत, घोटाळा झाला असेल. एवढंच म्हटलं असतं तर आमची मागणी वाचत होती, हपिस वाचत होतं, दोन वर्षांची पायपीट वाचत होती. आमच्या बाजूचे सगळे साहेबांकडे बघत होते. पेन्सिलवाला तर हातानेच खुणावत होता, हो म्हण, हो म्हण.

मावशींना हिंदी थोडं कळत होतं. त्यांनी अध्यक्षांकडे बघितलं, मग साहेबांकडे. "खोटा बोलतंय मी?" त्यांनी विचारलं. रागाने नाही, घाबरून विचारलं.

साहेब उभे राहिले. "बाई खरं बोलतायत," ते मराठीतच म्हणाले. मग अध्यक्षांना हिंदीत सांगितलं की पावती माझी आहे, पैसे मी कमी घेतले, नियम मी मोडला, यात दुसऱ्या कुणाचा संबंध नाही.

मावशींना एवढंच कळलं की साहेबांनी आपली बाजू घेतली. त्या पुढे झाल्या आणि हार उचलून वर धरला. त्या ठेंगण्या होत्या, साहेब उंच. साहेब चांगले वाकले, त्यांनी हार घालून घेतला, नारळ घेतला आणि कपाळाला लावला. आमदारांनी टाळ्या वाजवल्या. मग नाइलाजाने सगळ्यांनीच वाजवल्या. मी नाही वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्या सफारीवाल्याच्या डोक्यात तो नारळ घालावासा वाटत होता.

पुढचं महिन्याभरात झालं. समितीने लिहिलं की मागणी करणाऱ्यांचाच व्यवहार नियमात बसत नसल्याने हा विषय तूर्त बाजूला ठेवावा. तो बाजूलाच राहिला. वरचं चालू राहिलं. आमच्याकडे विमान कंपन्यांची माणसं एकामागून एक आली, कोऱ्या तिकिटांचे गठ्ठे मोजून परत घेतले आणि पट्ट्या काढून नेल्या. एक पोरगा तर पट्टी नेताना रडवेला झाला होता, साहेबांनीच त्याला चहा पाजला. मशीन टेबलावर तसंच होतं, पण त्यात घालायला काही नव्हतं. आता आम्ही स्वतःची तिकिटं लिहू शकत नव्हतो. दुसऱ्या एजन्सीतून आणायची आणि गिऱ्हाइकाला द्यायची, एवढंच उरलं. मला वाटलं, साहेब मला रजा देतील. त्यांनी माझा पगार थोडा कमी केला आणि स्वतःचा बंद केला, हे मला फार उशिरा कळलं.

आणि एक दिवस जिन्यावर मावशींचा आवाज. बरोबर शेजारणीचा मुलगा, त्यालाही मस्कतला जायचं होतं. "ह्यो बघ, ह्येच ते सायब," मावशी त्याला सांगत होत्या, "कमी करतत. तू काय बोलू नको, ते आपणच करतत."

साहेबांनी मला बाजूला बोलावलं आणि एक चिठ्ठी दिली. पत्ता फोर्टातल्या त्याच मोठ्या एजन्सीचा होता. मी म्हटलं, "तिथून? मी नाही जाणार." ते म्हणाले, "जा बाई. स्वस्त तिथेच मिळतं, आणि त्या पोराला काय ठाऊक आपलं भांडण."

मी गेले. दात-ओठ खात गेले. तिकीट मिळालं, आणि आम्ही वसंताला आपले सगळे नऊ सोडून दिलं होतं त्याहूनही कमी भावात मिळालं. वरच्याची ताकद तेव्हा मला पहिल्यांदा हातात धरून कळली. संध्याकाळी मावशींनी पैसे दिले, उरलेले परत घेतले आणि त्या मुलाच्या पाठीत धपाटा घातला. "बघ, सांगलंय ना तुका?" साहेबांनी त्याला खुर्चीत बसवून पट्टा शिकवला, नकाशा काढून दिला.

ते दोघे गेल्यावर माझा तोल सुटला. मी म्हटलं, "साहेब, त्यांना सांगून टाका. त्यांच्यामुळे काय झालं ते त्यांना कळायला हवं. नाहीतर त्या जन्मभर येत राहतील आणि तुम्ही त्या चोरांकडून तिकिटं आणत राहाल."

साहेबांनी खुर्चीवर लोंबणारा पट्टा गुंडाळून ठेवला. मग म्हणाले, "सुलभा, ती बाई आयुष्यात एकदाच चार माणसांसमोर उभी राहून बोलली. आणि बोलली ती दुसऱ्याचं चांगलं. आता मी तिला सांगू, की तिथेच चुकलीस?"

मी मावशींना कधीच काही सांगितलं नाही.

मावशी पुढे नऊ वर्षं येत राहिल्या. भटवाडीतली किती माणसं त्यांनी आणली याची गणती नाही. साहेब गेले तेव्हा त्या स्मशानापर्यंत आल्या, बायका येत नाहीत तरी आल्या, आणि लोकांना सांगत होत्या की याचा दिल्लीच्या लोकांनी सत्कार केला होता, मी स्वतः हार घातला. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मी म्हटलं, "हो, मी होते तिथे."

आता मावशीही नाहीत, म्हणून हे लिहिलं. वसंता अजून मस्कतला असतो असं ऐकते. वसंता, तिकडे हा अंक पोचलाच आणि तू हे वाचलंस, तर आईला दोष देऊ नकोस. त्या हॉलमध्ये आम्ही पन्नासेक माणसं होतो, आणि मीसुद्धा खोटं बोलायला तयार झाले होते.